शहिदाच्या घराचा शब्द

नवरा जिवंत असताना विधवा जावेवर जळणारी बाई तुम्ही पाहिली नसेल, तर मला पाहून घ्या. मी विजयश्री. कुरुळीच्या पुढं, चाकणच्या कंपन्यांच्या मधोमध आमचं गाव आहे, आणि त्या गावात माझी धाकटी जाऊ स्वप्नाली म्हणजे जवळजवळ देवीच. तिचा नवरा, माझा दीर समाधान, सैन्यात होता. काश्मिरात गेला. तिरंग्यात आला तेव्हा हायवेपासून आमच्या दारापर्यंत मुंगीला वाट नव्हती. त्याला आता बरीच वर्षं झाली. दीर माझाही लाडका होता, मला दुःख नाही असं कुणी म्हणू नये. पण गावात दुःखाचेसुद्धा मान ठरलेले असतात आणि ते सगळेच्या सगळे स्वप्नालीच्या वाट्याला गेले.

पंधरा ऑगस्टचा झेंडा तिच्या हातानं. शाळेची बक्षिसं तिच्या हस्ते. कुणाचं दुकान उघडलं की फीत कापायला वीरपत्नी हजर. भाजीवाली तिच्या पिशवीत न मागता कोथिंबीर टाकते, मी मागितली तर म्हणते, "लई महाग झालीय ओ ताई." एसटीत तिला बघून पोरं उठून उभी राहतात. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे ती खुर्ची. दरवर्षी समाधानच्या पुण्यतिथीला स्मारकासमोर मांडव पडतो. पुढच्या रांगेत लाल मखमली कव्हर घातलेली एक खुर्ची असते आणि तीत स्वप्नाली बसते. शाल, श्रीफळ, टाळ्या. मी मांडवाच्या मागं चहाच्या पातेल्याशी.

मागच्या पुण्यतिथीला फोटो काढायची वेळ झाली. मी हात पुसले, पदर सारखा केला आणि तिच्या मागं जाऊन उभी राहिले. फोटोवाला कॅमेऱ्यावरून डोळा न काढता म्हणाला, "ताई, जरा बाजूला. फक्त घरचे पाहिजेत."

मी बाजूला झाले. सासूबाई गेल्यापासून त्या घराचा उंबरा मी सांभाळते, समाधानच्या लग्नात हळद मी दळली, आणि घरचे म्हणजे मी नव्हे! त्या दिवशी मला सरळ वाटलं की माझ्या नवऱ्यानं नुसतं जगून माझं नुकसान केलंय. वाटल्याबरोबर जीभ चावली. पण वाटलं ते वाटलं.

आमचे हे, ज्योतीराम, पत्रा दाबायच्या मशिनीवर कामाला आहेत. पाळीला जातात, पाळीवरून येतात, जेवतात, झोपतात. त्यांच्या नावाचा फलक कुठं लागायचा नाही.

आता मशिदीचं सांगते. आमच्या गावात मुलाण्यांची घरं फार जुनी. इतकी जुनी की जत्रेचा बोकड मुलाण्याच्या हातनं कापल्याशिवाय आमच्यात कुणाच्या घशाखाली उतरत नाही. त्यांची लहानशी मशीद हायवेच्या कडेला होती, ती रस्ता रुंद झाला त्यात गेली. तेव्हापासून ते पत्र्याच्या शेडमध्ये नमाज पढतात. कंपन्यांतले बाहेरगावचे कामगारही येतात, मग शुक्रवारी रांगा रस्त्यावर येतात आणि ट्रकवाले हॉर्न मारत बसतात. म्हणून लतीफचाचा मुलाण्यांनी स्वतःच्या जागेत नवी मशीद बांधायचं ठरवलं आणि ग्रामपंचायतीकडे ना-हरकत मागितली. त्यांची जागा नेमकी समाधानच्या स्मारकाला लागून.

झालं. आठवड्याभरात सगळ्यांच्या मोबाइलवर एकच मजकूर फिरायला लागला, शहिदाच्या उशाशी मशीद. तळवड्याकडून, भोसरीकडून पोरं मोटारसायकलींवर झेंडे लावून आली. त्यातल्या निम्म्यांना स्मारक कुठल्या वळणावर आहे तेही ठाऊक नव्हतं, चहाच्या टपरीवर विचारत होती. चौकात फ्लेक्स लागले, त्यावर समाधानचा फोटो आणि त्याच्याहून मोठे पुढाऱ्यांचे फोटो. दुसऱ्या बाजूनं संविधानाचे बोर्ड घेऊन काही मंडळी आली. वडाखाली पोलिसांची गाडी येऊन उभी राहिली ती हललीच नाही.

मग एका दुपारी शहरातला ऋतिकदादा नावाचा तरुण पुढारी आमच्या घरी आला. पांढराशुभ्र शर्ट, मागं पाच-सहा पोरं, सगळ्यांच्या हातात मोबाइल. अर्थात स्वप्नालीकडे आला होता. ती ओट्यावर मेथी निवडत होती.

"वहिनी, तुम्ही एक शब्द बोला," तो म्हणाला, "सगळा महाराष्ट्र ऐकेल."

स्वप्नालीनं मेथीची पाटी उचलली आणि आत निघून गेली. ऋतिकदादाचा चेहरा पडला. मी चहाचा ट्रे घेऊन तिथंच उभी होते. त्यानं माझ्याकडे पाहिलं, पहिल्यांदाच पाहिलं म्हणा, आणि विचारलं, "आपण कोण?"

"मी थोरली जाऊ. हे घर माझ्याकडंच असतं."

"मग तुम्हीच बोला ना, वहिनी!"

त्या 'वहिनी'नं मी विरघळले. ट्रे खाली ठेवला, खुर्चीत बसले आणि मोबाइलकडे तोंड करून शुद्ध भाषेत सुरू केलं, "आमच्या समाधानभाऊजींच्या स्मारकाशेजारी आम्ही मशीद होऊ देणार नाही. हा शहिदाच्या घराचा शब्द आहे." पोरांनी माना डोलावल्या. मला आणखी चेव चढला. "यात माझा स्वतःचा काडीचा मतलब नाही. निमगावच्या खंडोबाचा भंडारा उचलून सांगते!"

हे शेवटचं मला कुणी शिकवलं नव्हतं. माझ्याच तोंडून निघालं, आणि निघाल्यावर काय शोभलं म्हणून सांगू!

दुसऱ्या दिवशी गिरणीत बायकांनी मला वाट करून दिली. "काय बोललीस गं, अंगावर काटा आला," गोजाबाई म्हणाली. भाजीवालीनं कोथिंबिरीची जुडीच्या जुडी टाकली. त्या कोथिंबिरीची चटणी मी तीन वेळा केली. हे मात्र संध्याकाळी घरी आले ते तोंड पाडून. कंपनीच्या कँटीनमध्ये कुणीतरी त्यांना माझाच व्हिडिओ दाखवला होता.

"कुनाला इचारून बोललीस?"

"इचारायचं कुनाला? तुमी कदी बोलता व्हय?"

"स्वप्नालीला काय पायजे ते तरी इचारायचं."

म्हणजे यांनाही तिचंच! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्यांचं ताट आदळलं आणि सरळ स्वयंपाकघरात गेले. स्वप्नाली भाकरी थापत होती.

"सांग मग," मी म्हटलं, "काय पायजे तुला? आला व्हता त्यो दारात, तवा का मेथी घिऊन आत पळालीस?"

तिनं भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, मग बोलली. "ताई, एरवी कदी तिकडं गेला हायसा? मांडव नसतो तवा?"

मी गेले नव्हते. कशाला जाईन?

"मी जाते. कंपनीच्या भिंतीला लागून हाय, तिथं ट्रक लावत्यात. बाटल्या असत्यात, पिचकाऱ्या असत्यात. कुत्री निजत्यात पायरीवर. पुण्यतिथी झाली की वरीसभर कुनी फिरकत न्हाई." तिनं भाकरी उलटली. "मशीद झाली तर दिवसातनं पाच येळा मानसं येतील. दिवा राहील. झाडलोट हुईल. यांना एकट्यानं जेवायला सुदीक आवडत नव्हतं, ताई. तेवढीच सोबत."

तिचं म्हणणं मला पटलं, खोटं कशाला बोलू. पण पाठोपाठ दुसरंही मनात आलं. ही बाई चुलीपुढं बसून बोलली तरी मला खाली बसवते. मी मोबाइलपुढं घसा फोडला, आणि हिनं भाकरी भाजता भाजता त्याचं पाणी केलं.

"मग ह्येच कॅमेऱ्याम्होरं सांगायचं व्हतं."

"माझ्या नावावर लई भाषनं झाली, ताई. मी एक बी केलं न्हाई. मी तोंड उगडलं की दाखवत्यात भलतंच." मग तिनं शेवटची भाकरी टोपलीत टाकली. "आन तुमी थोरल्या. घराचा शब्द तुमी दिलाय, मी न्हाई मोडायची. गावाम्होरं घर फुटलं असं कशाला दिसाया पायजे?"

बघा, म्हणजे मोठेपणासुद्धा तिनंच घेतला. मी रात्रभर कूस बदलत होते.

दोन दिवसांनी लतीफचाचा आले. उंबऱ्याबाहेरच उभे राहिले, एरवी ते ओट्यावर बसतात, पाणी मागतात. म्हातारा वाकला होता. म्हणाले, "सूनबाई, तुजा सासरा आन मी एका पानात जेवलेलो. मला भांडान करायचं न्हाई. समाधानच्या घराला नको असंल तर मी तितं वीट ठेवनार न्हाई. कोर्टात बी जानार न्हाई. पोरं माझं ऐकत्यात. फकस्त ग्रामसभेत, समद्या गावाम्होरं एकदा सांग. मोबाइलात नको."

मी म्हटलं, "सांगीन की." चाचा मान हलवून गेले. पाणी विचारायचं राहिलं.

म्हणजे मशीद होणार की नाही हे आता कलेक्टरवर नव्हतं, पुढाऱ्यावर नव्हतं, माझ्यावर होतं. पातेल्यामागच्या विजयश्रीवर! दोन्ही बाजूंचे लोक रस्त्यात भेटून नमस्कार घालू लागले. स्वप्नालीचं भाकरी भाजतानाचं बोलणं मध्येच आठवायचं, तेव्हा मी दुसऱ्या कामाला लागायचे.

ग्रामसभा खंडोबाच्या देवळापुढं भरली. मी नवी काठपदराची साडी नेसून गेले आणि पाहते तर काय, पुढच्या रांगेत लाल मखमली कव्हरची खुर्ची, आणि सरपंच आक्काबाई मलाच म्हणतात, "ये विजयश्री, बस हितं." मी बसले. स्वप्नाली मागं बायकांत सतरंजीवर बसली. मान वळवून मी ते पाहून घेतलं, दोनदा पाहिलं. खुर्चीचा एक पाय डुगडुगत होता आणि कव्हर उन्हानं तापून साडीतून चटके बसत होते. इतकी वर्षं ही काय गुपचूप चटके सोसत होती की काय, असं एकदा मनात आलं. पण मी हलले नाही.

आक्काबाईंनी विषय वाचला. एका बाजूनं घोषणा, दुसऱ्या बाजूनं घोषणा, पोलीस मध्ये. मग त्या म्हणाल्या, "आपल्या गावात शहिदाच्या घराला डावलून काय व्हनार न्हाई. लतीफभाई बी तेच म्हनत्यात. घराचा शब्द घरानं सांगावा."

ऋतिकदादा माझ्या डाव्या हाताला मोबाइल धरून वाकला. मी उठले, घसा साफ केला. तेवढ्यात देवळातून धोंडीबा बाहेर आले. धोंडीबा म्हणजे खंडोबाची दिवाबत्ती करणारे, ऐंशीच्या घरातले, कुणाच्या अध्यात नाहीत की मध्यात नाहीत. हातात पितळी ताटली, ताटलीत भंडारा.

"पोरी," ते म्हणाले, "त्या मोबाइलात तू भंडारा उचलून सांगते म्हनालीस. नातवानं मला दावलं. तितं काय भंडारा नव्हता. हितं हाय. उचल आन सांग."

बाहेरच्यांना हे कळायचं नाही. कोर्टात गीतेवर हात ठेवून खोटं बोललेली माणसं आमच्या गावात मिशीला पीळ देत हिंडतात. पण खंडोबाचा भंडारा मुठीत घेऊन खोटं बोललेला माणूस मी अजून पाहिला नाही, कारण तेवढी छाती कुणाची होत नाही. बांधाचं भांडण असो, चोरीचा आळ असो, भंडारा पुढं आला की माणूस एक तर खरं बोलतो नाहीतर घरी जातो. आणि मी बावळट, टाळ्या मिळाव्यात म्हणून आपल्या तोंडानं तो मागवून बसले होते.

मी मूठ भरली. पिवळी धूळ बोटांतून गळून नव्या साडीवर पडली.

"सांग," धोंडीबा म्हणाले, "की मी माझ्या दिरासाठी बोलते, माझा मतलब न्हाई."

"मी..." मी म्हटलं, "माझ्या दिरासाठी..."

पुढचा शब्द येईना. आमचे हे कडेला कंपनीच्या गणवेशातच उभे होते, खाली बघत. लतीफचाचांनी टोपी काढून हातात धरली होती. ऋतिकदादा कुजबुजला, "बोला वहिनी, चालू आहे."

"गप रं तू!" मी त्याच्यावरच खेकसले, आणि मग जे सुटलं ते थांबलंच नाही. शुद्ध भाषा कुठल्या कुठं गेली. "दिराला काय वाटलं असतं ते मला ठावं न्हाई! मशिदीचं मला काय बी न्हाई, झाली काय आन न्हाई झाली काय! मला ही खुर्ची पायजे व्हती. ह्या स्वप्नालीवर जळते मी. हिचा झेंडा, हिची शाल, हिची कोथिंबीर, समद्यावर जळते! मी हिच्या आदी त्या घरात आले, आन फोटोवाला मला बाजूला व्हा म्हनतो! म्हनून बोलले मी त्या मोबाइलात. झालं? ऐकलं समद्यांनी?"

कुणीतरी मागं फिसकन हसलं. मग कुणीच हसलं नाही. ऋतिकदादानं मोबाइल खाली केला. मला धरणीनं पोटात घ्यावं असं वाटत होतं, पण धरणी कुठली घेते. मी तशीच मूठ आवळून उभी.

सतरंजीवरून स्वप्नाली उठली. बायकांतून वाट काढत पुढं आली. मला वाटलं, आता ही मला मिठी मारणार आणि त्यावरही टाळ्या-फोटो होणार. तिनं मिठी मारली नाही. हातभर अंतरावर थांबली आणि रोजच्या आवाजात, मीठ संपलंय म्हणून सांगावं तसं, म्हणाली, "ताई, खुर्ची तुमी घ्या. कायमची घ्या. शाल घ्या, झेंडा घ्या, फोटोत तुमीच ऱ्हावा. मला फकस्त रोज एक डबा घासाया द्या. माझ्या मानसाचा, कामावरनं आलेला."

भाजीवालीनं डोळ्याला पदर लावला. धोंडीबांनी ताटली छातीशी धरली. आणि माझ्या मनात पहिलं काय आलं सांगू? असं बोलणं हिला सुचतं कसं आणि मला कधीच कसं सुचत नाही. जळण्याचीसुद्धा सवय असते.

आक्काबाईंनी दोनदा खाकरून घेतलं आणि ग्रामसेवकाला म्हणाल्या, "लिहा. घराचा इरोध न्हाई." घोषणा पुन्हा झाल्या, पण त्यात दम नव्हता. ऋतिकदादाची माणसं तासाभरात मोटारसायकलींवर बसून गेली. त्यांना दुसरं एखादं गाव मिळेल, दुसरी एखादी विजयश्री मिळेल. मशिदीचा कागद आता वरच्या ऑफिसात गेलाय, तिथं काय होईल ते तिथल्यांना ठाऊक. चाचा जाताना माझ्यापाशी थांबले. डोक्यावर हात ठेवून गेले.

घरी स्वप्नाली नेहमीसारखीच होती, तेच तर अवघड होतं. रागावली असती तर मला भांडता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी हे पहिल्या पाळीवरून आले. पिशवी ओट्यावर ठेवली, पाय धुवायला गेले. स्वप्नाली मोरीत भांड्यांना बसली होती. आमच्यात भांड्यांना जी बसेल ती पिशवीतून डबा काढून घेते, असंच चालत आलंय. इतक्या वर्षांत स्वप्नालीनं तो डबा कितीदा घासला असेल, माझं कधी लक्षच गेलं नव्हतं. आजही तिनं ओला हात पुसून पिशवीत घातला आणि डबा बाहेर काढला. कडी उघडली. आत वांग्याचा रस्सा सुकून कडेला चिकटला होता, भाकरीचा तुकडा उरला होता. ती त्या तुकड्याकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिली.

मी भाजी तशीच फोडणीवर टाकून धावले.

"ठेव त्यो," मी म्हटलं. "माझा हाय."

आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. हे दारातून वळून बघायला लागले. स्वप्नालीनं लगेच डबा माझ्या हातात दिला, पाटही सोडला आणि आत जाऊन माझी फोडणी सांभाळू लागली. मी मोरीत बसले. राखेनं, काथ्यानं, तो डबा मी घासत राहिले, रश्शाचा वास गेला तरी घासत राहिले, आणि आत जाऊन तिच्यासमोर उभं राहणं माझ्यानं होईना.